प्रयागबाईची कुडाची सवत

प्रयागबाईला सवत आली ती लग्नानंतर अठरा वर्षांनी, आणि ती तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बांधली. पडवीच्या उगवतीकडच्या टोकाला त्यानं कारवीचा कुड घातला, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपला, दाराच्या जागी फळी लावली आणि आत घोंगडी अंथरली. सहा हात लांब आणि चार हात रुंद. दोन करडं बांधली तर तिसरं मावणार नाही एवढीशी खोली, पण तिनं प्रयागबाईच्या संसारात असे पाय पसरले की विचारू नका. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हाडामांसाच्या बायकांबद्दल. इथं चार भिंतीच तिखट झाल्या होत्या.

बोरकोंड म्हणजे पोलादपूरपासून दोन कोस आत, डोंगराला टेकून बसलेली तीस-बत्तीस उंबऱ्यांची वाडी. या बाजूच्या डोंगरांत भाताइतकंच पलटणीचंही पीक येतं. तेव्हा पलटणीतून परत आलेला माणूस सोबत काय घेऊन येतो हे बायकांना पाठ असतं. पत्र्याची ट्रंक, मिशा, हिंदी शिव्या आणि संध्याकाळची बाटली. हैबती सत्तावन साली हवालदार होऊन कायमचा घरी आला, तेव्हा त्यानं यांतलं ट्रंकेशिवाय काहीच आणलं नाही. तो उजाडण्याआधी उठे. घोंगडीचे चार कोपरे जुळवून घडी घाली. विहिरीवर गार पाण्यानं आंघोळ करी आणि ऊन डोंगरावरून खाली उतरेपर्यंत त्या खोलीत ताठ बसून राही. जेवला की आपलं ताट आपण घाशी. सदऱ्याचं बटण तुटलं तर ट्रंकेतली सुई काढून आपलं आपण लावी. आवाज चढवणं नाही, हात उगारणं नाही, कशाची तक्रार नाही.

विहिरीवरच्या बायकांना तर हे बघून गहिवरूनच यायचं. शेजारची आवडी म्हणाली, "नशीब काढलंस गो प्रयागे. आमचा दादला ताट घासायचं सोड, ताटावरनं उठायचं पण इसरतो."

प्रयागबाई हसली आणि घागर काखेला मारून निघाली. पण पोटात काय पेटलं होतं ते तिचं तिला ठाऊक. नवऱ्याचं उष्टं काढणं हे काही कुणाला गोड लागत नाही. मात्र ज्या ताटाची सतरा वर्षं वाट पाहिली, ते नवरा स्वतःच घासून फळीवर पालथं घालतो तेव्हा बायकोनं हात कुठं ठेवायचे? तिला तो हवा होता आणि त्याला कुणीच नको होतं. तिचं मागणं फार मोठं नव्हतं. त्यानं एकदा, एकदाच, तिच्याकडे काहीतरी मागावं. मीठ मागावं, पाणी मागावं, ते नाही तर रागावून काठी तरी मागावी. हैबती काही मागतच नसे. मीठ कमी पडलं तर तसंच जेवे.

तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं आणि पुढच्याच वर्षी हा पलटणीत गेला. मग लढाई, समुद्रापार मुलुख, लढाई संपल्यावर जपान, नंतर काश्मीर. दोन वर्षांतून एकदा रजेवर यायचा, पाहुण्यासारखा राहायचा आणि बैलांची शिंगं रंगवून परत जायचा. सासू आनंदीबाई, एक मुलगी बया, दोन बैल आणि अकरा खाचरं एवढं सगळं प्रयागबाईनं एकटीनं ओढलं. एकटीनं म्हणजे सावडीच्या जिवावर. सावड हा वाडीतला जुना रिवाज. आज सगळ्या बायका मिळून तुझ्या खाचरात भाताची लावणी करणार, उद्या तू त्यांच्यासोबत दुसरीच्या खाचरात उतरणार. मजुरी नाही, मेहेरबानी नाही, फक्त पाळी. प्रयागबाईनं सतरा पावसाळे त्या रांगेत काढले. सासू गेली तेव्हा ती तिथंच रडली. बयेचं लग्न वरंधला जमलं तेव्हा पहिल्यांदा तिथंच सांगितलं. आता मुलगीही सासरी गेली होती आणि घरात दोघंच होती. ज्या दिवसांचे तिनं मनातल्या मनात लाडू वळले होते ते दिवस आले होते, आणि हा बाबा कुडाआड जाऊन बसला होता.

पहिला संशय जो कुठल्याही बाईला यावा तोच तिला आला, आणि त्याला खतपाणी घातलं रावजीनं. रावजी हैबतीच्याच पलटणीतला. पोलादपूरच्या मोटारस्टँडवर त्याचं चहाचं दुकान होतं आणि दूध कमी, जीभ जास्त अशी त्याची ख्याती होती. प्रयागबाई बाजाराला गेली असताना तो म्हणाला, "वहिनी, हवालदार जपानात असताना कुठं जायचा ठाऊक हाय का? सुट्टी मिळाली की एकाच घरी. आमी सगळे बाजारात, आणि हा त्या घरी. वर्षभर."

"कुणाचं घर?" प्रयागबाईनं विचारलं.

"आता ते मी कशाला सांगू?" रावजी म्हणाला आणि डोळा बारीक करून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

झालं. त्या दिवसापासून प्रयागबाईच्या घरात जपानी बाई राहायला आली. ती गोरी होती, पायांनी लहान होती आणि कधी घामाघूम होत नव्हती. प्रयागबाई भाकरी थापायला बसली की ती समोर बसे. प्रयागबाईनं महाडच्या बाजारात मुनाफच्या दुकानातून वासाचा साबण आणला, दोनदा आंघोळ केली आणि जेवायला वाढताना मुद्दाम जवळून गेली. हैबती म्हणाला, "साबण चांगला हाय. उंदरांपास्नं जप." त्या रात्री तिनं साबण चुलीत टाकायचा बाकी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी हैबती पोलादपूरला गेल्यावर तिनं खोलीची फळी सरकवली. बांधल्यापासून ती आत गेली नव्हती. त्यानं कधी नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही म्हटलं नव्हतं. तिनं घोंगडी झटकली. कुडाच्या फटीत बोटं घातली. ट्रंक उघडून तळापर्यंत हात फिरवला. फोटो नाही, चिठ्ठी नाही, केस नाही, रुमाल नाही. खोलीत घोंगडी होती, कोपऱ्यात एक घासून गुळगुळीत केलेली काठी होती आणि जमीन सारवलेली होती, तीही प्रयागबाईच्या सारवण्याहून साफ. बाई सापडली असती तर बरं झालं असतं. बाईच्या झिंज्या धरता येतात. या रिकाम्या जागेचं काय धरायचं?

खरं काय ते कळलं चैत्रात, आणि तेही आडून. पोलादपूरच्या शाळेत येसाजी मास्तर नवे आले होते. अविवाहित, चष्मेवाले, वाचनाचा नाद. पलटणीतून आलेला कुणी एक हवालदार पहाटे एकांतात बसतो आणि स्वतःची कामं स्वतः करतो, हे त्यांच्या कानावर गेलं आणि ते रविवारी दोन कोस चालत आले. हैबतीनं त्यांना खोलीत नेलं. खोलीत! प्रयागबाई माजघरात नाचणी पाखडत होती, ती कुडाजवळ येऊन पाखडू लागली. मग पाखडायचीही थांबली.

आत हैबती बोलत होता. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस ओढ्यासारखा वाहत होता. जपानात गेल्यावर त्यांच्या तुकडीला घरोघरच्या तलवारी गोळा करायचं काम होतं. हरलेल्या मुलखाजवळ हत्यार ठेवायचं नाही असा हुकूम होता. एका म्हाताऱ्याच्या घरी दहा पिढ्यांची तलवार होती. त्यानं ती पुसली, दोन्ही हातांवर आडवी धरून हैबतीच्या हातात दिली, वाकला, आणि वळून अंगण झाडायला लागला. निम्मं अंगण झाडून झालं होतं, उरलेलं झाडून घेतलं.

"माझे हात कापत हुते मास्तर," हैबती म्हणाला, "त्याचे नाय."

"सामुराई म्हणतात त्यांना," मास्तर म्हणाले. "तलवारीवर जगणाऱ्यांची जात. मी वाचलंय."

"मी बघितलंय," हैबती म्हणाला. मग तो सुट्टी मिळाली की त्या म्हाताऱ्याकडे जायला लागला. लाकडं फोडून द्यायचा आणि म्हातारा त्याला, पलटणीतल्या दुभाष्याच्या आणि हातवाऱ्यांच्या मदतीनं, थोडं थोडं सांगायचा. निजायला मऊ शोधू नये. आपला भार दुसऱ्यावर टाकू नये. मागू नये. जाणाऱ्याला धरू नये. रोज थोडा वेळ एकटं बसावं, आणि त्या वेळात स्वतःशीसुद्धा बोलू नये.

"आणि दुसऱ्याचं बघून जळू नये," हैबती म्हणाला. "त्यो म्हणायचा, हा एक पाळला तर बाकीचे आपोआप पाळले जातात."

कुडाबाहेर प्रयागबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो नियम जपानातून तिच्याचसाठी बांधून आणलाय असं तिला वाटलं. बाई नव्हती, म्हातारा होता, हे ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिला कळली ती कुडाला कान लावून, आणि सांगितली गेली ती कोण कुठल्या मास्तरला. सतरा वर्षं वाट पाहणारी बाहेर आणि आयत्या बिळावर नागोबा आत. मास्तरांना चहा दिला त्यात तिनं गूळ घातलाच नाही. मास्तरांनी तो बिनबोभाट पिऊन टाकला आणि परत जाताना, बिनगुळाचा कडू चहा हासुद्धा शिस्तीचाच भाग असेल असं समजून, हैबतीचं कौतुक केलं.

त्यानंतर मास्तर दर रविवारी येऊ लागले. दर रविवारी प्रयागबाईला कुडाजवळच काहीतरी निवडायला असे. ती ऐके आणि जळे. जळे आणि ऐके. रात्री अंथरुणावर पडून ती ते नियम पाठ म्हणे, पण भक्तीनं नाही. चोर कुठून शिरला ते घरधनी तपासतो तसे. यांतल्या कुठल्या वाटेनं माझा माणूस गेला, हे तिला शोधून काढायचं होतं.

मग ज्येष्ठात ते घडलं. लावणीच्या आधी भैरीच्या देवळात पुरुष बसतात आणि कुणाची पाळी कधी हे ठरवतात. बायका राबायच्या आणि पाळ्या पुरुषांनी ठरवायच्या, पण ते असो. सतरा वर्षं प्रयागबाईच्या घराची पाळी सासूच्या नावानं दुसरंच कुणीतरी मांडायचं. यंदा घरचा पुरुष स्वतः बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा हैबती उठून उभा राहिला, पलटणीत उभा राहतात तसा, आणि म्हणाला, "आमची सावड यंदापास्नं नको. आमचं आमी करू. आमचा भार कुणावर नको."

आवडीचा नवरा भागोजी एवढंच म्हणाला, "बरं." पण घरी जाऊन त्यानं ते आवडीला सांगितलं, आणि आवडी घागरसुद्धा न घेता विहिरीवर आली.

"आमी काय भार हुतो का गो तुला?" ती म्हणाली. "तुझी सासू मेली तवा तुझं भात मी लावलं. माझं पोट पडलं तवा माझं तू लावलंस. भार कुणाचा कुणावर हुता?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रयागबाईला हे पहिल्यांदा तिथंच, विहिरीच्या काठावर कळत होतं.

ती घरी आली. हैबती खोलीत बसला होता. तिनं फळी सरकवली आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"सावड मोडून आलात?"

"हो."

"मला इचारलंत?"

हैबतीनं डोळे उघडले. "आपलं आपण करावं. दोघं मिळून करू. होईल."

"सतरा वर्षं ती सावड माझी हुती. तुमची नव्हती. तुमी मोडणारे कोण?" प्रयागबाई म्हणाली. आपण कुणाशी बोलतोय हे तिला बोलून झाल्यावर जाणवलं, पण आता बाण सुटला होता. "आणि भार टाकू नये म्हणता तर दोघं मिळून कशाला? मी काय तुमचा हात हाय का पाय? तुमचा नेम तुमी पाळा. तुमची खाचरं तुमी लावा. मी माझी पाळी फेडायला जाते."

तिला वाटलं, आता तरी हा ओरडेल. निदान थांब म्हणेल. हैबती तिच्याकडे बघून म्हणाला, "जाणाऱ्याला धरू नये." तो ते तिला म्हणाला की स्वतःला, हे तिला कळलं नाही. तिनं फळी इतक्या जोरानं लावली की कुडाचा गिलावा निसटला.

लावणी सुरू झाली. प्रयागबाई डोक्यावर इरलं घेऊन पहिल्याच दिवशी भागोजीच्या भावाच्या खाचरात उतरली. बायकांनी रांगेत तिची जागा ठेवली होती. कुणी काही विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. एक ओढा ओलांडला की पलीकडे तिची स्वतःची खाचरं होती, आणि तिथं हैबती एकटा होता. तो पहाटे बैल जुंपून चिखल करी, मग रोप उपटी, जुड्या बांधी, मग वाकून लावी. बारा बायकांचं आणि दोन पुरुषांचं काम. रेषा मात्र दोरी धरल्यासारख्या सरळ.

प्रयागबाई त्या रेषा बघे आणि तिच्या हातातलं रोप वाकडं लागे. मग ती मोठ्यानं हसे. ओढ्यापलीकडे ऐकू जावं म्हणून हसे. आवडी नुसतं प्यायला पाणी मागत असली तरी हसे. बघ, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. पण दुखणं हे होतं की त्याचंही तिच्यावाचून काही अडताना दिसत नव्हतं. तो पाठ सरळ करी, कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबे आणि पुन्हा वाके. घरी आला की आपलं ताट आपण घाशी. प्रयागबाईला वाटे, हा माणूस उद्या मला म्हणेल की माहेरी जाऊन राहा, आणि त्याचं भातही पिकेल आणि घरही सारवलेलं राहील.

पण शेत काही नियम ऐकत नाही. रोपाचं वय असतं. एकवीस-बावीस दिवसांचं रोप लावलं तर भात फुटतं. महिना उलटला की रोप जून होतं, त्याला पेर धरतं, आणि मग लावलं काय न लावलं काय. दहा दिवस झाले, बारा झाले, आणि हैबतीची चारच खाचरं लावून झाली होती. मध्ये दोन दिवस त्याला ताप आला. त्यानं ते सांगितलं नाही, प्रयागबाईला घोंगडीच्या उबेवरून कळलं. ताप अंगावर घेऊन तो खाचरात गेलाच. ओढ्याच्या अलीकडून तिला दिसत होतं की राबाच्या वाफ्यात उरलेल्या रोपाचे शेंडे पिवळे पडायला लागले आहेत. सात खाचरं म्हणजे वर्षाचा भात. तरी ती ओढा ओलांडून गेली नाही. मागितल्याशिवाय जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. हट्ट तो हट्ट. मागू नये हा नियम पाळणाऱ्याशी हट्टानं लढायला बसलेली बाई म्हणजे दोन्हीकडून उपासच.

चौदाव्या दिवशी बायका भागोजीच्या खाचरात होत्या. पाऊस सरळ पडत होता. आवडीनं मान वर केली आणि ती बांधाकडे बघू लागली. मग शेजारची बघू लागली. मग सगळी रांग. प्रयागबाईनं वळून पाहिलं. बांधावर हैबती उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर घोंगडीची खोळ, डोळे तापानं लाल.

"प्रयागे," तो म्हणाला. बारा बायकांसमोर त्यानं नाव घेतलं. "रोप जून होतंय. ये. मला एकट्यानं होत नाय."

ज्या एका शब्दासाठी तिनं वर्ष काढलं तो शब्द बांधावर उभा होता. ती धावत गेली असती. पण तिच्या हातात भागोजीच्या रोपाची जुडी होती.

"आज भागोजीचं हाय," ती म्हणाली. "पाळी मधीच मोडता येत नाय. सावडीचा पण नेम असतो."

हैबतीनं मान हलवली. नेम म्हटला की तो पाळायचा. त्यानं खोळ काढून बांधावर ठेवली, धोतर आणखी वर खोचलं आणि तो खाचरात उतरला. बायकांच्या रांगेत. प्रयागबाईच्या शेजारची बाई न सांगता हात दोन हात सरकली. हैबतीनं जुडी घेतली आणि लावायला सुरुवात केली.

"हवालदार, जरा घाई करा," रांगेच्या टोकावरून आवडी म्हणाली. "हितं भात लावायचंय, सलामी नाय द्यायची." बायका हसल्या. हैबतीही हसला, आणि त्यानं वेग धरला.

बराच वेळ दोघं शेजारी शेजारी मागं मागं सरकत राहिली. पावसाचा आवाज मोठा होता. हैबती मान खालीच ठेवून, तिलाच ऐकू जाईल असं बोलला.

"म्हातारा पण असाच उतरायचा."

"कोण म्हातारा?" तिनं विचारलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

"जपानातला. लावणी आली की खोली बंद. अख्खा गाव एका रांगेत, म्हातारा मधी. सगळ्यांचं लावून व्हायचं, मग घरी. मी डोळ्यांनी बघितलंय."

प्रयागबाईचा हात थांबला. दर रविवारी ऐकून कुड पाठ झाला होता तिला, पण हे त्या कुडातून कधी आलं नव्हतं. "मग सावड का मोडलीत?"

हैबतीनं तीन रोपं लावली. चौथं लावताना म्हणाला, "मी परत आलो तवा तुझं सगळं भरलेलं हुतं. सकाळी विहिरीवर आवडी, दुपारी पडवीत ह्या बाया, संध्याकाळी कुणाचं तरी पोर. पत्रात पण तेच असायचं. आवडी अशी म्हणाली, आमी अशा हसलो. मी तिकडं बराकीत वाचायचो. तुला माझी कमी पडली असं एकदा पण नव्हतं त्यात." त्यानं बोटांचा चिखल पाण्यात हलवला. "खोली बांधली. म्हटलं, तू कवातरी फळी लोटून येशील. आलीस ती भांडायला. जळू नये, एवढा एकच नेम मला जमला नाय गो."

प्रयागबाईला हसावं की रडावं ते कळेना. पत्रं तेव्हाच्या जुन्या मास्तरच्या हातून लिहून घ्यावी लागत. कुठली बाई परक्या पुरुषाला सांगेल की लिहा, तुमच्यावाचून झोप येत नाही? म्हणून ती आवडीचं लिहायला सांगायची. हे तिनं त्याला त्या वेळी सांगितलं नाही. तिला आधी दुसरंच विचारायचं होतं, आणि ते विचारल्याशिवाय तिचा जीव खाली पडणार नव्हता.

"हे म्हाताऱ्याचं, रांगेत उतरायचं," ती म्हणाली, "येसाजी मास्तरला सांगितलंत?"

"नाय."

"रावजीला?"

"कुणालाच नाय. सांगितलं असतं तर सावड मोडायला तोंड राह्यलं नसतं."

"मग सांगू नका," प्रयागबाई म्हणाली.

त्याच्या तिसऱ्या दिवशी बायकांनी आपणहून प्रयागबाईची पाळी लावली आणि बारा बायका ओढा ओलांडून आल्या. सातांतली पाच खाचरं लागली, दोनांपुरतं रोप फुकट गेलं. त्या साली घरात वरीचा भात जरा जास्त शिजला. पहाटेची बैठक हैबतीनं सोडली नाही, आणि प्रयागबाईलाही त्या फळीकडे बघून मधूनमधून चमक मारायची ती मारतच राहिली. पण ते पुढचं.

त्या दिवशी भागोजीच्या बांधावर दुपारची भाकरी खाताना आवडी तिच्याजवळ सरकली. सतरा वर्षांत प्रयागबाईनं तिच्यापासून काही लपवलं नव्हतं, बाळंतपणातलं नाही, सासूच्या मरणातलं नाही.

"एवढा येळ काय बोलत हुते गो?" आवडीनं विचारलं. "सांग की."

प्रयागबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा घेतला आणि सावकाश चावून खाल्ला.

"काय नाय," ती म्हणाली. "भाताचं."